फळीवरचा वाङ्मयप्रकार : कुमार वाचकांसाठी कादंबरी-संग्रहाची अमेरिकी घडण

१

वाङ्मयप्रकारांच्या इतिहासलेखनात लेखक, संहिता आणि फार तर वाचक यांचा विचार करण्याची रीत आहे. प्रकाशन-व्यवसायाचा निर्देश होतो तो बहुधा तळटीपेत, आणि ग्रंथालयाचा तर तेवढाही होत नाही. ग्रंथालय म्हणजे आधीच निर्माण झालेल्या वाङ्मयाचे कोठार, असे त्यामागील गृहीत असते. कोणते पुस्तक घ्यावयाचे, किती प्रती घ्यावयाच्या, ते कोणत्या दालनात आणि कोणाच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावयाचे, हे निर्णय व्यवस्थापनाचे मानले जातात. ते समीक्षेचे निर्णय आहेत असे सहसा कोणी म्हणत नाही. परंतु विसाव्या शतकातील एक वाङ्मयप्रकार असा आहे की त्याची फळी आधी तयार झाली आणि ती भरून काढणाऱ्या संहिता मागाहून आल्या. इंग्रजीत ज्याला 'यंग अ‍ॅडल्ट' कादंबरी म्हणतात आणि मराठीत ज्याला कुमार-कादंबरी असा सोयीचा प्रतिशब्द वापरला जातो, तो हा प्रकार. त्याची घडण मुख्यतः अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत झाली, आणि ती करणाऱ्यांत लेखकांपेक्षा ग्रंथपाल-स्त्रियांचा वाटा मोठा होता.

या घडणीचा इतिहास केवळ ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांपुरता नाही. बारा ते अठरा या वयाच्या वाचकासाठी कथात्म वाङ्मय निवडताना निवडणारा कोणत्या अधिकाराने निवडतो, ही निवड वाचकाला पुढे नेण्यासाठी असते की आहे तेथेच रमविण्यासाठी, आणि जे निवडले गेले नाही त्याचा हिशोब कोणी ठेवावयाचा, हे प्रश्न अभिरुचीच्या राजकारणाचे प्रश्न आहेत. वाचनाच्या सिद्धान्तांत वाचक ही बहुधा एक अमूर्त कल्पना असते. येथे तो वाचक दाराशी उभा होता, आणि त्याला कोठे बसवावे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

२

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली ती लोकशिक्षणाच्या ध्येयाने. कादंबरी हा त्या ध्येयातील अडसर होता. वाचकांना कादंबरीच हवी असे आणि विश्वस्तांना ती द्यावयाची नसे. हा वाद त्या काळी 'फिक्शन क्वेश्चन' म्हणूनच ओळखला जाई. त्यात मुलांच्या हाती पडणाऱ्या डाइम नॉव्हेल्सचा, म्हणजे दहा सेंटी थरारकथांचा, आणि ऑलिव्हर ऑप्टिक, होरेशियो अल्जर यांच्या पुस्तकांचा उल्लेख हटकून येई. हार्टफर्डच्या कॅरोलाइन ह्यूइन्स यांनी १८८२ साली मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली. वाईट पुस्तकाला उत्तर म्हणून बंदी न घालता चांगल्या पुस्तकाची यादी पुढे करावयाची, ही पद्धत तेथून रूढ झाली. वरवर सौम्य दिसणाऱ्या या पद्धतीत किती सत्ता दडलेली असते, हे पुढच्या शंभर वर्षांत दिसून यावयाचे होते.

१८९० नंतर बालदालने उघडू लागली. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधील बालदालन आणि पुढे १९०६ पासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा बालविभाग यांच्या प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर यांनी बालवाङ्मयाच्या अभिरुचीवर जवळजवळ एकहाती राज्य केले. पण बालदालनातील वाचक मोठा होतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला बुटक्या खुर्च्यांची लाज वाटू लागते, आणि प्रौढ विभागात त्याला संशयाने पाहिले जाते. जी. स्टॅन्ली हॉल यांचा 'अ‍ॅडोलेसन्स' हा द्विखंडी ग्रंथ १९०४ साली आला आणि पौगंडावस्था ही एक स्वतंत्र, वादळी अवस्था असल्याचे शास्त्राच्या भाषेत मांडले गेले. मात्र ग्रंथालयांना जाग आणली ती हॉल यांच्या ग्रंथापेक्षा शाळांच्या पटसंख्येने. १९०० च्या सुमारास चौदा ते सतरा वयाच्या मुलांपैकी दहांतील एखादेच माध्यमिक शाळेत जात असे. १९३० च्या सुमारास निम्मी जाऊ लागली. कारखाना-शेतांतून शाळेत आलेला हा समूह, हातात मोकळा वेळ असलेला आणि अजून कमावता न झालेला, म्हणजेच पुढे ज्याला टीनएजर म्हटले गेले तो.

या काळात एक भारतीय दुवाही जुळतो. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणले. १९१३ पर्यंत त्यांनी संस्थानातील ग्रंथालयांची यंत्रणा उभी केली आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. त्या ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले, आणि मराठी-गुजराती वाचकाला अमेरिकी पद्धतीचा मोकळा बालविभाग पाहावयास मिळाला. पण बॉर्डन परतले तेव्हा कुमारांची वेगळी फळी अमेरिकेतही धड अस्तित्वात आलेली नव्हती. भारतात आले ते बालदालन. त्यानंतरची पायरी आलीच नाही. या अपघाताचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

ही पुढची पायरी अमेरिकेत दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधली गेली. न्यूयॉर्कमध्ये मूर यांनीच नेमलेल्या मेबल विल्यम्स यांनी शाळांशी संपर्क ठेवण्याच्या कामातून कुमारसेवा उभी केली. त्यांच्या विभागाची वार्षिक निवडयादी १९२९ पासून निघू लागली आणि 'बुक्स फॉर द टीन एज' या नावाने देशभर प्रमाण मानली गेली. क्लीव्हलंडच्या ग्रंथालयात १९२५ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या नावाने कुमारांसाठी स्वतंत्र खोली उघडली. या खोल्यांत ठेवावयाच्या कादंबऱ्या मात्र कुमारांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. तशा लिहिल्याच जात नव्हत्या. प्रौढ वाङ्मयातून वेचलेल्या आणि बालवाङ्मयातून वर सरकवलेल्या पुस्तकांचा तो संग्रह होता. म्हणजे संग्रहाचे तत्त्व संहितेच्या अंगभूत गुणांत नव्हते, ते शेजारात होते. 'जेन आयर' आणि 'ट्रेझर आयलंड' एका फळीवर आल्या की त्यांच्यात एक नाते निर्माण होते. ते ब्राँटेलाही अभिप्रेत नसते आणि स्टीव्हन्सनलाही.

ज्या कादंबऱ्या मुले स्वतः होऊन वाचत होती, त्यांना मात्र या फळीवर जागा नव्हती. एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या लेखन-कारखान्यातून साच्यातून काढल्यासारख्या मालिका निघत. 'हार्डी बॉईज' १९२७ साली आणि 'नॅन्सी ड्र्यू' १९३० साली सुरू झाली. बॉय स्काउट्सचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ सालीच एका लेखात अशा पुस्तकांनी मुलांचा मेंदू उडतो असा घणाघात केला होता. पुढे दशकानुदशके अनेक ग्रंथालयांनी या मालिका विकत घेतल्या नाहीत. मुलांनी त्या खाऊच्या पैशांतून घेतल्या आणि आपसांत फिरवल्या. मुंबई-पुण्यातील सार्वजनिक ग्रंथालये आणि गल्लीतील भाड्याने पुस्तके देणाऱ्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या यांच्यातील फरक ज्यांना आठवतो, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळापहाडने मराठी कुमारांच्या दोन-तीन पिढ्या वाचत्या केल्या, पण वाङ्मयेतिहासात त्यांना जागा मिळाली ती ओळी-दोन ओळींची.

३

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय व्यक्ती म्हणजे बाल्टिमोरच्या ईनॉक प्रॅट फ्री लायब्ररीतील मार्गारेट अलेक्झांडर एडवर्ड्स. १९०२ साली टेक्ससमध्ये जन्मलेल्या आणि शाळेतील शिक्षिकेची नोकरी गमावून ग्रंथालयात आलेल्या या बाईंच्या हाती १९३० च्या दशकाच्या प्रारंभी कुमारांसाठीचा एक छोटा संग्रह सोपविण्यात आला. प्रॅटची नवी मध्यवर्ती इमारत १९३३ साली उघडली. रस्त्याच्या पातळीवर दुकानासारख्या काचेच्या खिडक्या आणि त्यांत मांडलेली पुस्तके, अशी तिची रचना होती. बाजाराचे आकर्षण-तंत्र वापरून वाचकाला बाजाराबाहेर न्यावयाचे, ही या ग्रंथालयाची भूमिका होती, आणि एडवर्ड्स यांनी ती टोकाला नेली. त्या शाळा-शाळांतून जाऊन पुस्तकांविषयी बोलत. पण हे बोलणे परीक्षणासारखे नसे: कादंबरीतील एखादा प्रसंग पाठ करून सांगावयाचा आणि ऐन मोक्याच्या जागी थांबावयाचे. १९४० च्या दशकाच्या प्रारंभी उन्हाळ्यात त्यांनी भाजीवाल्यांच्या गाडीसारखी घोडागाडी भाड्याने घेऊन वस्त्यांतून पुस्तके फिरवली. कीर्तनकाराच्या या देशात प्रसंग रंगवून अर्ध्यावर सोडण्याचे मोल कोणाला समजावून सांगावयास नको. मात्र ग्रंथपालाने ते करावे ही कल्पना येथे रुजली नाही.

त्यांच्या कार्यपद्धतीतील खरा गाभा मात्र या नाट्यमयतेत नव्हता. नव्या साहाय्यकाने कुमारांसमोर उभे राहण्यापूर्वी सुमारे तीनशे पुस्तके वाचून त्यांवर एडवर्ड्स यांच्याशी चर्चा केली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. ही चर्चा तोंडी होई आणि ती सोपी नसे. कथानक सांगून सुटका नव्हती. हे पुस्तक कोणत्या मुलाला, कोणत्या पुस्तकानंतर आणि का द्यावयाचे, हे सांगावे लागे. मराठी विद्यापीठांतील कादंबरीच्या प्रश्नपत्रिका आशय, अभिव्यक्ती आणि पात्रचित्रण यांभोवती फिरतात. 'कोणत्या पुस्तकानंतर' हा प्रश्न त्यांत कधी विचारला गेलेला नाही. वास्तविक तो अपेक्षांच्या क्षितिजाचाच प्रश्न आहे, आणि हान्स रॉबर्ट याउस यांनी तो सिद्धान्ताच्या पातळीवर मांडण्यापूर्वी तीन दशके बाल्टिमोरमध्ये तो रोज सायंकाळी विचारला जात होता.

एडवर्ड्स यांच्या संग्रहात खालच्या पायरीवर मुलींसाठी प्रेमकथा आणि मुलांसाठी खेळांच्या व मोटारींच्या कथा असत. जॉन ट्युनिस यांच्या क्रीडाकथा आणि बेटी कॅवाना यांच्या कादंबऱ्या तेथे होत्या, पुढे हेन्री फेल्सन यांची १९५० सालची 'हॉट रॉड' आली. या पुस्तकांच्या वाङ्मयीन मोलाविषयी एडवर्ड्स यांचा भ्रम नव्हता. ती शिडीची खालची पायरी होती. वर टॉलस्टॉय होते. वाचक त्या पायरीवर थांबला तर ते ग्रंथपालाचे अपयश. ही भूमिका उदार आहे आणि तिच्यात उच्च-नीचतेची एक न तपासलेली उतरंडही आहे, हे दोन्ही एकाच वेळी म्हणावे लागते. १९६९ साली निवृत्तीनंतर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचे शीर्षक 'द फेअर गार्डन अँड द स्वार्म ऑफ बीस्ट्स' असे आहे: ग्रंथालय हे रम्य उद्यान आणि कुमार म्हणजे त्यात घुसणारा श्वापदांचा कळप. उपरोध उद्यानाच्या रखवालदारांवर आहे, हे उघड. पण उद्यान कोणी लावले हा प्रश्न त्या उपरोधाच्या बाहेर राहतो.

तो प्रश्न त्याच इमारतीत, त्याच काळात, दुसऱ्या बाजूने विचारला गेला. ईनॉक प्रॅट यांनी ग्रंथालय स्थापन करताना ते वर्णभेद न करता सर्वांसाठी असावे असे म्हटले होते, आणि कृष्णवर्णीय वाचकांना तेथे प्रवेश होता. परंतु ग्रंथपाल घडविणाऱ्या प्रशिक्षण-वर्गात कृष्णवर्णीयांना घेतले जात नसे. लुईझ कर यांनी याविरुद्ध दाद मागितली, आणि 'कर विरुद्ध ईनॉक प्रॅट फ्री लायब्ररी' या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९४५ साली त्यांच्या बाजूने निर्णय दिला. एडवर्ड्स यांचे तीनशे पुस्तकांचे कठोर प्रशिक्षण ज्या संस्थेत चालले होते, तिच्या दाराबाहेर कोण उभे होते हे या निकालातून कळते. एडवर्ड्स स्वतः वांशिक सलोख्याच्या पुरस्कर्त्या होत्या, आणि अशी पुस्तके मुलांपुढे ठेवणे त्यांना महत्त्वाचे वाटे. तरीही निवडणाऱ्यांची निवड आधीच झालेली होती.

४

फळीने वाङ्मयप्रकार घडविला याचा पुरावा लेबलांच्या अदलाबदलीत सापडतो. ट्युनिस यांनी १९३८ साली 'द आयर्न ड्यूक' ही कादंबरी लिहिली ती प्रौढांसाठी. प्रकाशकाने ती मुलांचे पुस्तक म्हणून काढली आणि ट्युनिस नाराज झाले. उलट मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' ही १९४२ सालची कादंबरी प्रौढ कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली, आणि कुमारांच्या फळीने ती आपलीशी केली. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय'चे १९५१ नंतर असेच झाले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये १९५७ साली यंग अ‍ॅडल्ट सेवांचा स्वतंत्र विभाग झाला. मात्र असोसिएशनच्या कुमारांसाठीच्या उत्कृष्ट पुस्तकांच्या यादीत १९७३ पर्यंत केवळ प्रौढांसाठी प्रकाशित झालेली पुस्तकेच घेतली जात. ही तारीख विचार करावयास लावणारी आहे. 'द आउटसायडर्स' येऊन तेव्हा सहा वर्षे लोटली होती.

एस. ई. हिंटन यांची ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. लेखिका मुलगी आहे हे मुलग्यांना कळू नये म्हणून नावाची केवळ आद्याक्षरे छापली गेली. त्याच वर्षी रॉबर्ट लिप्साइट यांची 'द कन्टेन्डर' आली, १९६८ साली पॉल झिंडेल यांची 'द पिगमॅन', १९७४ साली रॉबर्ट कॉर्मियर यांची 'द चॉकलेट वॉर'. कॉर्मियर यांच्या कादंबरीत एकटा मुलगा संस्थेला नकार देतो आणि शेवटी मोडून पडतो. न्याय होत नाही. प्रौढ वाङ्मयात विशेष न वाटणारा हा शेवट कुमारांच्या फळीवर येताच वादग्रस्त ठरला. याचा अर्थ वाचकाच्या वयाशी एक नैतिक करार जोडलेला होता आणि कॉर्मियर यांनी तो मोडला. शिडीची कल्पनाही येथे मोडली. या कादंबऱ्या टॉलस्टॉयकडे नेणारी पायरी म्हणून लिहिलेल्या नव्हत्या. त्या स्वतःच मुक्काम होत्या.

१९६७ हे वर्ष एरवीही मोठे विलक्षण आहे. याच वर्षी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या ग्रंथालय-हक्कांच्या जाहीरनाम्यात वयाच्या कारणाने वाचकाला प्रतिबंध करू नये असे कलम घातले. याच वर्षी याउस यांनी कॉन्स्टान्झला वाङ्मयेतिहासाविषयीचे आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला तोही १९६७ सालीच, आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' आली तीही. या घटनांत कार्यकारणभाव शोधणे हास्यास्पद होईल. पण मराठी कुमार फास्टर फेणे हातावेगळा करून एकदम कर्णाच्या रथावर चढतो, आणि मध्ये त्याच्या वयाची फळीच नाही, हे सांगावयास या योगायोगाचा उपयोग होतो.

जे फळीवर नव्हते त्याची मोजदाद नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली केली. 'द ऑल-व्हाइट वर्ल्ड ऑफ चिल्ड्रेन्स बुक्स' या लेखात त्यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील मुलांची ५,२०६ पुस्तके तपासली. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र आढळले. ही पुस्तके कोणी फळीवरून काढलेली नव्हती. ती लिहिली-छापलीच गेली नव्हती. व्हर्जिनिया हॅमिल्टन, मिल्ड्रेड टेलर, वॉल्टर डीन मायर्स ही त्यानंतरची नावे. ग्रंथपालांनी मागणी केली, खरेदीचा पैसा त्या बाजूस वळवला, तेव्हा प्रकाशकांनाही ती पुस्तके हवीशी झाली. फळीचा रिकामेपणा संहितेला जन्म देतो तो असा.

येथे एक विषमता नोंदविणे आवश्यक आहे. पुस्तक काढून टाकले तर आवाज होतो. पुस्तक घेतलेच नाही तर होत नाही. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा-मंडळाने १९७६ साली शालेय ग्रंथालयांतून रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय', कर्ट व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' आदी पुस्तके काढली. स्टीव्हन पिको आणि त्याचे सहाध्यायी यांनी दाखल केलेला खटला १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात विद्यार्थ्यांच्या बाजूने गेला. पण बहुमताचे एकसंध मत नव्हते, आणि न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मतानेही केवळ काढून टाकण्याचा विचार केला, खरेदीच्या निर्णयाला हात लावला नाही. मे २०२५ मध्ये टेक्ससमधील लानो परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रकरणी पाचव्या मंडलाच्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने १० विरुद्ध ७ मतांनी असे ठरविले की माहिती मिळविण्याच्या हक्काचा आधार घेऊन वाचकाला पुस्तक काढण्याविरुद्ध दाद मागता येणार नाही. बहुमतातील काही न्यायमूर्तींनी तर संग्रह ही शासनाचीच वाणी होय, असे प्रतिपादन केले. संग्रह हे एक विधान आहे, हे समीक्षेने मान्य करावयाचे तत्त्व न्यायालयाने अशा रीतीने मान्य केले. फक्त ते विधान करणारा बदलला. ह्यूइन्स आणि एडवर्ड्स यांच्या काळी तो ग्रंथपाल होता, आता निवडून आलेले मंडळ आहे. निवड म्हणजे केवळ सेवा, तीत सत्ता नाही, असे ग्रंथपालांनी शतकभर सांगितले. त्या मौनाची ही किंमत असावी.

दरम्यान फळी ग्रंथालयातून पुस्तकांच्या दुकानांत गेली होती. १९८० च्या दशकात 'स्वीट व्हॅली हाय'सारख्या मालिका थेट मुलींना विकल्या जाऊ लागल्या आणि स्ट्रेटमायरच्या कारखान्याने जणू सूड उगवला. १९९८ साली एडवर्ड्स यांच्या मधल्या नावावरून अ‍ॅलेक्स पुरस्कार सुरू झाले. ते कुमारांनाही भावतील अशा दहा प्रौढ पुस्तकांना दिले जातात. २००० साली कुमार वाङ्मयासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार प्रथम दिला गेला तो मायर्स यांच्या 'मॉन्स्टर'ला. २०१२ साली बाजाराच्या एका पाहणीत असे आढळले की कुमार म्हणून छापलेल्या पुस्तकांचे ५५ टक्के ग्राहक अठरा वर्षांवरील आहेत. मुलांचे वाङ्मय मोठ्यांच्या इच्छांतून जन्मते असे जॅक्लिन रोझ यांनी १९८४ साली 'पीटर पॅन'च्या संदर्भात म्हटले होते. ते विधान विक्रीच्या आकड्यांनी इतक्या शब्दशः खरे केले जाईल असे त्यांनाही वाटले नसेल.

५

मराठीत या प्रश्नाची मांडणीच वेगळी झाली, आणि ती एका सामासिक शब्दात गोठली आहे. 'बालकुमार' हा शब्द साहित्य संमेलनांपासून पुरस्कारांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. द्वंद्व समासात दोन्ही पदे प्रधान असावीत. येथे व्यवहारात पहिलेच पद प्रधान राहिले. वि. कों. ओक यांच्या १८८१ सालच्या 'बालबोध'पासून वा. गो. आपटे यांच्या १९०६ सालच्या 'आनंद'पर्यंत, आणि पाठ्यपुस्तक मंडळाच्या १९७१ सालच्या 'किशोर'पर्यंत, मराठी परंपरा मासिकांची आहे, फळीची नाही. मासिकात आठ वर्षांचा आणि चौदा वर्षांचा वाचक एकाच अंकात सामावून घ्यावे लागतात. त्यामुळे कथेला लांबी येत नाही आणि वयाला कंगोरे येत नाहीत. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे विद्याभवनातला विद्यार्थी आहे, चपळ आहे, धाडसी आहे, आणि तो कधीही मोठा होत नाही. देहाचा, घरातील भांडणाचा, जातीचा प्रश्न त्याच्या वाटेत येत नाही. तो भागवतांचा दोष नव्हे. बालदालनाच्या फळीची ती अट होती.

पौगंडावस्थेचे मराठी कादंबरीने केलेले दर्शन पाहावयाचे तर प्रौढ विभागाकडे वळावे लागते. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या 'कोसला'ची तुलना 'द कॅचर इन द राय'शी अनेकदा झाली आहे. ती बहुधा प्रभावाच्या अंगाने झाली. या दोन कादंबऱ्यांच्या फळीवरील प्रवासाच्या अंगाने झाली नाही. सॅलिंजरला ग्रंथपालांनी शाळेत पोचवले. सांगवीकर विद्यापीठात पोचला, अभ्यासक्रमातून, आणि वाचकाचे वय तोवर वीस झालेले होते. प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास'मधून १९९४ साली आला. लहान मुलाच्या जाणिवेतून लिहिलेल्या या कथा मुलांसाठी आहेत काय, हा प्रश्न समीक्षेने टाळला, कारण 'होय' म्हटल्यास त्यांचे वाङ्मयीन वजन घटेल अशी भीती होती. या भीतीत बालवाङ्मयाविषयीची समीक्षेची खरी धारणा उघडी पडते.

वेगळी फळी नसण्याचा लाभही झाला आहे, हे नाकारता येणार नाही. वयाच्या लेबलामुळे येणारा बाजारी साचा मराठी कादंबरीला लागला नाही, आणि कुमार वाचकाला खांडेकर-फडक्यांपासून 'स्वामी'पर्यंत मिळेल ते वाचण्याचे स्वातंत्र्य राहिले. पण हे स्वातंत्र्य ज्याच्या घरी पुस्तके आहेत किंवा ज्याचे पालक ग्रंथालयाचे सभासद आहेत त्याचे. ज्याला ग्रंथालयातच पहिले पुस्तक भेटावयाचे आहे, त्याच्यासाठी 'कोणत्या पुस्तकानंतर' याचे उत्तर जाणणारी व्यक्ती मेजापलीकडे असणे हाच फरक ठरतो. अनुदानाच्या नियमांत ग्रंथसंख्या मोजली जाते, वाचलेल्या पुस्तकांवर साहाय्यकाशी झालेली चर्चा मोजली जात नाही.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची ही कथा. तिच्यातील वर्गाबाहेरची भाषा, मुलींकडे पाहण्याची ती नजर, शिक्षकांविषयीचा तो संमिश्र भाव, यांतील काहीही बालविभागात चालण्यासारखे नाही आणि सर्व काही चौदा वर्षांच्या वाचकाच्या ओळखीचे आहे. ग्रंथालयांच्या सूचीत ती कादंबऱ्यांच्या सर्वसाधारण विभागात असते, आणि मुकुंद जोशीच्या वयाच्या मुलांना ती हवी असेल तर घरातील मोठ्यांच्या नावावर न्यावी लागते.